दुमजली पलंग : हौस आणि हिशेब

शाळा उघडून चारच दिवस झाले होते. प्रार्थनेच्या रांगांतून फिरताना तिसरीतला एक मुलगा डावा हात गळ्यात बांधून उभा असलेला दिसला. सुट्टीत आंब्याच्या झाडावर चढला असेल, अशा समजुतीने मी विचारले, "काय रे, कुठल्या झाडावरून पडलास?" तो ओशाळून म्हणाला, "झाडावरून नाही गुरुजी, पलंगावरून." रांगेत हशा पिकला. मलाही हसू आले असते. पण त्याच्या पुढच्या वाक्याने ते ओठांतच विरले. "वरच्या पलंगावरून. बाबांनी नवीन आणलाय, बेळगावहून."

त्या दिवशी माझे कामात लक्ष लागले नाही. कारण असाच एक दुमजली पलंग माझ्याही घरात आहे, आणि त्याच्यासंबंधीची एक हकीकत आजवर मी कोणालाही पुरती सांगितलेली नाही. ती सांगण्याच्या निमित्तानेच हा लेख लिहीत आहे. अलीकडे आपल्या घरांतून असे पलंग मोठ्या हौसेने येऊ लागले आहेत. हौसेला माझा विरोध नाही; पण हौसेबरोबर थोडा हिशेबही यावा, एवढेच मागणे आहे.

जमिनीवरून अधांतरी

"अंथरूण पाहून पाय पसरावेत" ही म्हण आपल्या पूर्वजांनी केली, तेव्हा अंथरूण जमिनीवर होते. माझ्या लहानपणी आमच्या घराच्या सोप्यात रात्री एकापुढे एक अशा गाद्या पडत आणि सख्खी, चुलत, आते-मामे अशी आठ-दहा भावंडे ओळीने निजत. कोणी लोळत लोळत दुसऱ्याच्या पांघरुणात जाई, कोणी सकाळी थेट उंबऱ्यापाशी सापडे. पण पडण्याचे भय कोणालाच नव्हते. जमिनीवरून कोणी कोठे पडणार?

आता सोपा राहिला नाही, पडवी राहिली नाही. दहा फूट लांब आणि दहा फूट रुंद अशा खोलीत दोन मुले, त्यांची दोन दप्तरे, एक अभ्यासाचे टेबल आणि कपड्यांचे कपाट मावायचे असते. जमिनीवर जागा नसली तरी डोक्यावर असते, म्हणून घराने जसे मजले चढवले तसे पलंगानेही चढवले. दुकानात त्याला 'बंक बेड' म्हणतात. मुलांना त्याचे आकर्षण असण्याचे कारण उघड आहे. मिरजमार्गे पुण्या-मुंबईला जाताना आगगाडीत वरच्या बर्थसाठी जी भांडणे होतात, ती ज्याने ऐकली आहेत त्याला ते समजावून सांगायला नको. वरची जागा म्हणजे आपले स्वतःचे राज्य, तेथे मोठ्यांचा हात सहजासहजी पोहोचत नाही. पण हात पोहोचत नाही, हेच तर काळजीचे मूळ आहे.

आमच्या घरची हकीकत

२००९ सालची गोष्ट. थोरला नऊ वर्षांचा आणि धाकटा सातव्यात होता. तयार पलंग महाग वाटला, म्हणून ओळखीच्या सुतारमिस्त्रींना घरी बोलावले. खानापूरकडचे चांगले सागवान मिळाले होते. मिस्त्री कामात वाकबगार होते. रंधा मारून त्यांनी एकेक खांब असा गुळगुळीत केला की हात फिरवीत राहावे. वरच्या मजल्याला बाहेरच्या बाजूने त्यांनी सुबक कठडा केला. भिंतीकडच्या बाजूची गोष्ट निघाली तेव्हा ते म्हणाले, "तिकडे कशाला कठडा, गुरुजी? भिंत आहे की!" मलाही ते पटले. लाकूड वाचले, मजुरी वाचली आणि आपण मोठे व्यवहारी आहोत असे वाटून मी मनातल्या मनात संतुष्ट झालो.

त्या दिवाळीत धाकटी बहीण माहेरी आली. तिचा मुलगा चार वर्षांचा. पलंग पाहताच त्याने हट्ट धरला, "मी वरच झोपणार." पाहुण्याचा हट्ट, त्यातून भाच्याचा, त्याला नाही कसे म्हणावे? थोरल्याशेजारी त्याला भिंतीकडच्या बाजूला निजवले. बाहेरच्या बाजूला थोरला आणि कठडा, आत भिंत. म्हणजे पोर अगदी सुरक्षित, असा आम्ही सर्वांनीच हिशेब केला.

मध्यरात्री माझ्या आईने हाक मारली. तिची झोप सावध. "अरे, पोराचा कसला तरी आवाज येतोय बघ," ती म्हणाली. दिवा लावला आणि जे दिसले ते आजही डोळ्यांपुढून हलत नाही. दिवसभराच्या चढण्या-उतरण्याने पलंग गुळगुळीत फरशीवर वीतभर पुढे सरकला होता. भिंत आणि गादी यांच्यामध्ये पडलेल्या त्या फटीत भाच्याचे पाय आणि धड खाली उतरले होते आणि डोके मात्र वर अडकले होते. हनुवटी पलंगाच्या कडेवर टेकलेली. त्याला रडताही येत नव्हते. मी खालून त्याचे धड उचलून धरले, सौ.ने पलंग ओढला आणि पोर माझ्या हातांत आले. मग ते रडले. ते रडणे ऐकून आम्ही सर्वांनी श्वास सोडला.

दुसऱ्या दिवशी हनुवटीखाली एक लाल वळ तेवढा राहिला होता. शेजाऱ्यांनी विचारले तेव्हा मी म्हणालो, "काही नाही, जरा घसरला." बहिणीने माझ्याकडे एकदा पाहिले आणि ती काही बोलली नाही. ते घसरणे नव्हते. आई जागी झाली नसती तर काय झाले असते, हे तिला ठाऊक होते आणि मलाही. ज्या भिंतीच्या भरवशावर मी कठडा वाचवला होता, तिनेच आम्हाला दगा दिला, असे म्हणणे सोपे आहे. खरे पाहता भिंत जागेवरच होती; सरकला होता तो पलंग, आणि चुकला होता तो माझा हिशेब.

फट आणि डोके

या प्रकाराविषयी पुढे मी जे वाचले, त्यावरून आमचा अनुभव जगावेगळा नव्हता हे कळले. मोठ्या माणसाची अशी कल्पना असते की मूल वरून पडेल, म्हणून तो पडण्यापुरता बंदोबस्त करतो. परंतु लहान मुलाच्या बाबतीत अडकण्याचे भय पडण्याहून भयंकर असते. मुलाचे अंग लवचिक. ज्या फटीतून त्याची कंबर आणि छाती निसटते, तिच्यातून डोके निसटत नाही. झोपेत पाय आधी सरकतात, धड मागोमाग जाते आणि सारा भार गळ्यावर येतो. म्हणूनच ब्रिटनने १९८७ सालीच अशा फटींविषयी खास नियम केले. अमेरिकेत जून २००० पासून लागू झालेल्या नियमांनुसार, उंच पलंगाला दोन्ही बाजूंनी कठडा हवा आणि भिंतीकडचा कठडा तर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड हवा. मी जो वाचवला, तोच तेथे अधिक कडक आहे! आपल्याकडेही भारतीय मानक ब्यूरोने २०२२ साली दुमजली पलंगांसाठी स्वतंत्र मानक प्रसिद्ध केले आहे. दुकानातून घेणाऱ्याने पलंग त्या मानकाप्रमाणे आहे काय, असे अवश्य विचारावे.

पडण्याचे प्रमाणही थोडे नाही. अमेरिकेत १९९० ते २००५ या काळाचा अभ्यास करून २००८ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत असे दिसले की, अशा पलंगांमुळे इजा होऊन रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात येणाऱ्या एकवीस वर्षांपर्यंतच्या मुलांची संख्या वर्षाला सरासरी सुमारे ३६,००० होती. जवळजवळ तीन-चतुर्थांश इजा पडून झालेल्या, आणि निम्मी मुले सहा वर्षांखालची. यावरून सर्वत्र मान्य झालेला पहिला नियम निघतो : सहा वर्षे पूर्ण झाल्याखेरीज कोणत्याही मुलाला वरच्या मजल्यावर निजवू नये.

'कोणत्याही' हा शब्द मी मुद्दाम लिहिला आहे. पलंग आपण आपल्या दोन मुलांची वये पाहून घेतो; पण आपल्या घरात दोनच मुले कधी निजतात? गणपती, दिवाळी, मे महिन्याची सुट्टी, एखादी मुंज, एखादे लग्न. बहिणींची, भावांची, मेहुण्यांची मुले येणारच, आणि ती यावीत म्हणूनच तर आपण घर करतो. तेव्हा पलंग निवडताना घरातल्या मुलांची वये धरू नयेत; त्या पलंगापर्यंत पोहोचू शकणाऱ्या सर्वांत धाकट्या मुलाचे वय धरावे. सांगण्यासारखी मुख्य गोष्ट मला एवढीच वाटते. बाकीची सारी मापे तिच्यातूनच निघतात.

मापपट्टी घेऊन दुकानात जावे

दुकानदार रंग दाखवतो, नक्षी दाखवतो, खालचे खण उघडून दाखवतो. त्याला दाखवू द्यावे. आपण खिशातून मापपट्टी काढावी.

कठड्याची उंची पलंगाच्या फळीपासून मोजू नये, गादी घातल्यावर तिच्या पृष्ठभागापासून मोजावी. अमेरिकी नियमात ती किमान ५ इंच आणि युरोपीय मानकात १६ सेंटिमीटर, म्हणजे सहा इंचांहून थोडी अधिक आहे. आपण अधिक असेल ती धरावी. येथे आपल्या घरांत एक खास अडचण येते. आपली कापसाची गादी वापराने दबते. दोन-तीन वर्षांनी पिंजून आणली की चांगली दोन-तीन बोटे फुगते. काल जो कठडा सहा इंच होता, तो आज चार इंच झालेला असतो आणि कोणाच्या ध्यानातही येत नाही. यासाठी गादी कोठवर यावी याची एक रेघ पलंगाच्या खांबावर कोरून घ्यावी. युरोपीय मानकाप्रमाणे बनलेल्या पलंगांवर ही रेघ असतेच. आपला सुतार ती पटाशीने दोन मिनिटांत काढील. वरच्या मजल्यासाठी चार इंचांची काथ्याची किंवा फोमची गादी बरी; तिची जाडी फारशी बदलत नाही. मात्र ती पलंगाच्या चौकटीत अगदी घट्ट बसली पाहिजे. आखूड किंवा अरुंद गादी म्हणजे कडेला पुन्हा फट.

कठड्याच्या पट्ट्यांमधील अंतर अडीच ते तीन इंचांच्या आत असावे. साडेतीन इंचांपेक्षा मोठी फट कोठेही, अगदी पायथ्याशी आणि उशाशीसुद्धा, नसावी. शिडीसाठी ठेवलेली मोकळीक पंधरा इंचांहून रुंद नको. शिडीच्या पायऱ्या गोल दांड्यांच्या नसाव्यात. त्या सपाट, तळपाय नीट टेकेल अशा असाव्यात. शिडी पलंगाला स्क्रूने किंवा बोल्टने पक्की जोडलेली असावी, नुसती अडकवलेली नसावी. पण घरात तान्ही किंवा रांगणारी मुले येत असतील, तर ती काढून कपाटामागे ठेवता येईल अशी सोय असणे फार उपयोगाचे. शिडी नसली म्हणजे निम्मे मोह आपोआप संपतात.

खालच्या मुलाच्या डोक्यावर किती जागा राहते, हेही पाहावे. गादीवर मांडी घालून बसलेल्या मुलाचे डोके वरच्या फळ्यांना लागता कामा नये. तीन फूट मोकळे मिळाले तर तो तेथे पुस्तक वाचू शकतो. वरच्या गादीपासून छतापर्यंतही तेवढेच अंतर हवे. वरची गादी ज्या आडव्या पट्ट्यांवर असते त्या नुसत्या ठेवलेल्या नसाव्यात, दोन्ही टोकांना स्क्रूने जखडलेल्या असाव्यात. खालच्या भावाला उताणे पडून वरच्या भावाला पायांनी उचकवण्याची जी हौस असते, ती प्रत्येक घरात आहे.

डोक्यावरचा पंखा

परदेशी पुस्तकांत ज्याचा फारसा विचार नसतो आणि आपल्याकडे ज्याचा पहिल्याप्रथम करायला हवा, तो धोका म्हणजे छताचा पंखा. हिशेब सोपा आहे. छत साडेनऊ फुटांवर असेल तर पंख्याची पाती साधारण साडेआठ फुटांवर येतात. वरच्या गादीचा पृष्ठभाग जमिनीपासून पाच फुटांवर. सात वर्षांचे मूल सुमारे चार फूट उंच. ते गादीवर उभे राहिले की त्याचे डोके नऊ फुटांवर गेले! आता आडवे अंतर मोजा. दहा फुटांच्या खोलीत पंखा मधोमध, म्हणजे भिंतीपासून पाच फुटांवर. नेहमीच्या ४८ इंची पंख्याचे पाते मध्यापासून दोन फूट पसरते, म्हणजे भिंतीपासून तीन फुटांपर्यंत येते. आणि पलंगाची रुंदी किती? नेमकी तीन फूट. पलंगाची कड आणि पात्याचे टोक एका रेषेत येतात. मुलाने अंथरूण झटकले, चेंडूसाठी हात उंचावला, की काय होईल ते सांगायला नको.

ऑस्ट्रेलियात अशा पलंगापासून छताचा पंखा दोन मीटर दूर असावा असे सांगतात. आपल्या लहान खोल्यांत ते साधणे कठीण. तेव्हा त्या खोलीतला छताचा पंखा काढून समोरच्या भिंतीवर जाळीचा पंखा बसवावा, हाच मार्ग. तेवढे करणे शक्य नसेल तर दुमजली पलंगाचा विचार सोडून द्यावा. इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद येथील वाचकांनी आणखी एक ध्यानात घ्यावे : उन्हाळ्यात तापलेली हवा छताखाली साठते, त्यामुळे वरचे मूल घामाघूम होऊन रात्रभर कूस बदलत राहते. वरच्या मजल्याला हवा लागत नसेल तर ती दोन महिन्यांची निद्रा खाली चटईवरच बरी.

लाकूड, लोखंड आणि पावसाळा

सागवान असो वा आंब्याचे लाकूड, आपल्याकडच्या पावसाळ्यात ते फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. खिळ्यांनी ठोकलेला जोड दोन पावसाळ्यांत खिळखिळा होतो. म्हणून खांब आणि चौकट यांचे जोड नट-बोल्टचे असावेत आणि दसऱ्याच्या सुमारास घराची साफसफाई होते तेव्हा ते पान्याने एकदा आवळून घ्यावेत. लोखंडी पलंग स्वस्त आणि सुटसुटीत. पण त्याचे वेल्डिंग नीट पाहावे, कडा हाताने चाचपाव्यात आणि स्वतः वर चढून एकदा हलवून पाहावा. दुकानात लाज वाटेल, वाटू द्यावी. पलंग कोणताही असो, तो भिंतीला पक्क्या पट्टीने जोडून टाकावा, म्हणजे सरकणे संपले. वरच्या मजल्याच्या तळाला सलग प्लायवुड घातले तर पावसाळ्यात गादीला खालून बुरशी धरते. पट्ट्या किंवा भोके पाडलेली फळी बरी.

जुन्या पलंगाला नवा रंग देणार असाल तर डब्यावरील मजकूर वाचावा. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्षांत ९० भागांहून अधिक नसावे, असा नियम आपल्या देशात नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला आहे. कठडा चावणारी मुले असतात, हे मी अनुभवाने सांगतो.

घरातला शिरस्ता

उत्तम पलंगही वाईट सवयींपुढे हरतो. वर एकाच मुलाने निजावे. वर उड्या नकोत, कुस्ती नको. रात्री बारीक दिवा जळता असावा, म्हणजे अर्धवट झोपेत उतरताना पायरी दिसेल. ज्याला रात्री उठावे लागते त्याने खाली निजावे. यात कमीपणा नाही, हे त्याला आधीच समजावून द्यावे. आणखी एक गोष्ट : कठड्याला ओढणी, पट्टा, दोरी, झोपाळा असे काहीही बांधू देऊ नये. मच्छरदाणीच्या लोंबत्या दोऱ्याही नकोत. त्यापेक्षा खिडकीला जाळी बसवावी. गळ्याला फास बसायला क्षण पुरतो.

वरची जागा कोणाची, या वादावर माझा उपाय साधा होता. दोघेही सहा वर्षांवरचे असल्यामुळे महिन्याची पाळी लावली आणि ती भिंतीवरच्या दिनदर्शिकेत लिहून ठेवली. तंटा मिटला असे म्हणत नाही. पण तो माझ्याकडे न येता दिनदर्शिकेकडे जाऊ लागला.

पुन्हा तोच पलंग

दिवाळीच्या त्या रात्रीनंतर आठ दिवसांत मिस्त्रींना बोलावून भिंतीकडचा कठडा बसवून घेतला होता. काय घडले ते त्यांना सांगितले नाही. "राहून गेला होता, तेवढा करून टाका," इतकेच म्हणालो. आज वाटते, सांगायला हवे होते. त्यानंतर त्यांनी आणखी कितीतरी घरांत असे पलंग केले असतील आणि तेथेही "भिंत आहे की" म्हटले असेल. माझा संकोच दुसऱ्या कोणाच्या पोराला भोवला नसेल, अशी आशा करण्यापलीकडे आता हाती काही नाही.

मुले मोठी झाली, शिक्षणासाठी बाहेर गेली. पलंग रिकामा पडला. गेल्या महिन्यात पुतणीने फोन केला, "काका, तो पलंग आम्हाला द्याल का? आमच्या दोघांना होईल." तिचा मुलगा सात वर्षांचा, मुलगी तीन. आपल्या घरांत वस्तू अशाच फिरतात आणि फिराव्यातही. मी मापपट्टी घेऊन पुन्हा एकदा पलंगापाशी गेलो. कठड्याच्या पट्ट्यांमध्ये पाच-पाच इंचांच्या फटी निघाल्या. इतकी वर्षे मी त्या पाहत होतो आणि मोजल्या नव्हत्या.

मधे एकेक पट्टी घालून घेतली. खांबावर गादीची रेघ कोरली. सुदैवाने वरचा मजला लोखंडी खुंट्यांवर बसवलेला असल्यामुळे तो उतरवून दोन सुटे पलंग करता येतात. तसेच केले. टेम्पोत चढवताना पुतणीला सांगितले, "धाकटी सहा वर्षांची होईपर्यंत हे दोन्ही शेजारी शेजारी जमिनीवरच राहू देत." ती म्हणाली, "पण काका, खोलीत जागाच उरणार नाही." त्यावर मी तिला त्या दिवाळीची हकीकत सांगितली, या वेळी पुरती, काही न वगळता.

ती ऐकून घेऊन थोडा वेळ गप्प राहिली आणि मग टेम्पोवाल्याला म्हणाली, "त्या खुंट्या आणि ती शिडी वेगळी बांधा. ती वर माळ्यावर जाणार आहे."